अपात्र कोण : घेणारा की देणारा?

ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस नागपूरला शेतकऱ्यांचे कर्जमुक्तीचे आंदोलन झाले आणि त्यानंतर मुख्यमंत्र्यांनी ३० जून २०२६ पूर्वी कर्जमाफीचा निर्णय घेण्याचे आश्वासन दिले. त्यासाठी एक समितीही नेमण्यात आली. आश्वासनापाठोपाठ जुनाच सूर पुन्हा ऐकू आला : या खेपेस लाभ खऱ्या गरजूलाच मिळाला पाहिजे, अपात्रांना वेचून बाजूला काढले पाहिजे. कर्ज असो, अनुदान असो वा माफी असो, ग्रामीण भागाकडे सरकारी पैसा निघाला की अपात्र माणसाचा हा शोध सुरू होतो. म्हणून हा शोध आजवर कोणी घेतला, कोणाचा घेतला आणि त्यातून काय निष्पन्न झाले, हे एकदा तपासून पाहणे अगत्याचे आहे.

सार्वजनिक पैशाच्या तपासणीला समाजवाद्यांचा विरोध असण्याचे कारण नाही. सरकारी तिजोरीत मीठ-मिरची विकत घेणाऱ्याचाही कर जमा होतो. बागाईतदाराने अल्पभूधारकाच्या नावावर उचललेले अनुदान म्हणजे त्या अल्पभूधारकाच्या घरातील चोरीच होय. तेव्हा तपासणी हवी, कडक हवी आणि वेळेवर हवी. वाद आहे तो तपासणीची नजर कोठे वळते, याविषयी.

एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. १९७८-७९ मध्ये निवडक विकास गटांत सुरू झालेला हा कार्यक्रम २ ऑक्टोबर १९८० पासून देशातील सर्व गटांना लागू झाला. लहान शेतकऱ्यास मालमत्तेच्या किमतीच्या २५ टक्के, अत्यल्पभूधारक व मजुरास एक-तृतीयांश आणि आदिवासीस ५० टक्के अनुदान, उरलेले बँकेचे कर्ज, अशी त्याची रचना होती. प्रत्येक गटाने वर्षाला ६०० कुटुंबे निवडावीत, असे लक्ष्य ठरले. लक्ष्य आले की मार्चअखेर आली, आणि मार्चअखेर आली की यादी भरून काढणे हेच काम झाले. घरी चारा नाही, गावात दूध घेणारे कोणी नाही, अशा कुटुंबाच्या दावणीला म्हैस बांधून आकडे पूर्ण करण्यात आले. यादीत बसू नयेत अशी घरे बसली आणि बसावीत ती बाहेर राहिली. पुण्याच्या गोखले संस्थेतील अर्थशास्त्रज्ञ नीलकंठ रथ यांनी १९८५ साली या कार्यक्रमाची झाडाझडती घेतली, तेव्हा त्यांचा निष्कर्ष असा होता की, सात वर्षांच्या खटाटोपानंतर ग्रामीण गरिबांपैकी जेमतेम तीन टक्के कुटुंबे दारिद्र्यरेषेच्या वर आली असतील. १९९९ साली हा कार्यक्रम स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेत विलीन झाला. कार्यक्रम संपला, तरी बँकेच्या खतावणीतले थकबाकीदार संपले नाहीत. म्हशीचे कर्ज फेडू न शकलेला मजूर पुढील कर्जाला अपात्र ठरला. ज्यांनी ती निवड केली, त्यांच्या पात्रतेचा प्रश्न कोणी उपस्थित केला नाही.

२००८ च्या केंद्रीय कर्जमाफीने हाच धडा अधिक मोठ्या अक्षरांत गिरविला. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा या योजनेवरील अहवाल मार्च २०१३ मध्ये संसदेपुढे आला. २५ राज्यांतील ९० हजारांहून अधिक खाती तपासली गेली. त्यांपैकी २२ टक्क्यांहून अधिक खात्यांत चुका वा त्रुटी आढळल्या. लाभ मिळालेल्या ८०,२९९ खात्यांपैकी साडेआठ टक्के खातेदार मुळात पात्रच नव्हते. २,८२४ प्रकरणांत कागदपत्रांत खाडाखोड व फेरफार झाल्याचा प्रथमदर्शनी पुरावा मिळाला. एका खाजगी व्यापारी बँकेला तर नियम डावलून, एका सूक्ष्मवित्त संस्थेस दिलेल्या कर्जापोटी, १६४ कोटी ६० लाख रुपयांची भरपाई मिळाली होती.

परंतु त्याच अहवालातील दुसऱ्या एका आकड्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. लाभ न मिळालेल्या ९,३३४ खात्यांची तपासणी केली असता त्यांतील १,२५७ शेतकरी, म्हणजे शंभरांतील तेरांहून अधिक, पात्र असूनही वगळले गेल्याचे दिसून आले. अपात्राला दिलेला पैसा परत घेता येतो. त्यासाठी नोटीस आहे, जप्ती आहे. पात्र असूनही वगळलेल्याचे नुकसान कोण भरून देणार? त्याने मध्यंतरी सावकाराला दिलेले व्याज कोणत्या खात्यातून वसूल होणार? देखरेखीच्या सरकारी कल्पनेत ही बाब गैरव्यवहार म्हणून मोजलीच जात नाही.

महाराष्ट्राच्या अनुभवात कोल्हापूरचे प्रकरण तर देखरेखीच्या उफराट्या न्यायाचा नमुनाच ठरावे. पीक व क्षेत्र पाहून प्रत्येक सभासदाची कमाल कर्जमर्यादा ठरते. हे कमाल मर्यादा पत्रक विकास सोसायटी तयार करते आणि जिल्हा बँक ते मंजूर करते. कोल्हापूर जिल्ह्यात अनेक सभासदांना या मर्यादेपेक्षा अधिक कर्ज दिले गेले आणि २००८ च्या योजनेत ते माफही झाले. पुढे तक्रार झाली, फेरतपासणी झाली आणि मर्यादेबाहेरचे सुमारे ११२ कोटी रुपये अपात्र ठरवून नाबार्डने परत घेतले. बँकेने ते सोसायट्यांच्या नावे टाकले, सोसायट्यांनी सभासदांच्या. ज्याचा सातबारा कोरा झाला होता, तो शेतकरी पुन्हा थकबाकीदार झाला. मर्यादा त्याने ठरविली नव्हती, कर्ज त्याने मंजूर केले नव्हते, माफीची यादीही त्याने बनविली नव्हती. तरी शिक्षा मात्र त्याच्याच वाट्यास आली. शेतकऱ्यांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली, आणि २०१७ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. एवढ्या वर्षांत मर्यादेबाहेरच्या कर्जावर सही करणाऱ्यांना ना न्यायालय पाहावे लागले, ना जप्ती.

याच्या शेजारी राज्य सहकारी बँकेचे प्रकरण ठेवून पाहावे. नाबार्डच्या तपासणीनंतर रिझर्व्ह बँकेने मे २०११ मध्ये या बँकेचे संचालक मंडळ बरखास्त केले. साखर कारखाने व सूतगिरण्यांना पुरेशा तारणाविना दिलेल्या कर्जांचे आरोप जगजाहीर होते. सहकार कायद्यान्वये चौकशा झाल्या. गुन्हा नोंदविला जाण्यासाठी मात्र ऑगस्ट २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. आणि २०२० साली पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने प्रकरण बंद करण्याचा अहवाल सादर केला. हे सर्वजण दोषीच होते, असे येथे म्हणावयाचे नाही. दोष ठरविणे न्यायालयाचे काम आहे. प्रश्न एवढाच आहे की, सोसायटीच्या सभासदाला अपात्र ठरविताना जी यंत्रणा इतकी तत्पर असते, ती संचालकाच्या दारात पोचताच इतकी मंद का होते?

याचे उत्तर कायद्याच्या कलमांतच दडलेले आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० यातील कलम १०१ अन्वये निबंधक थकबाकीचा दाखला देतो आणि ती रक्कम जमीन महसुलाप्रमाणे वसूल करता येते. या दाखल्याविरुद्ध कर्जदारास दाद मागावयाची झाल्यास आधी निम्मी रक्कम भरावी लागते. संस्थेच्या पैशाचा गैरवापर करणाऱ्या पदाधिकाऱ्यावर जबाबदारी बसविणारे कलम आहे ८८. त्याची चौकशी वर्षानुवर्षे चालते, आणि निबंधकाच्या आदेशावरील अपील शासनाकडे, म्हणजे पर्यायाने मंत्र्यांपुढे, जाते. मंत्री व संचालक हे बहुधा एकाच राजकीय गोतावळ्यातले असतात. कायद्याचे एक हत्यार नित्य परजलेले आहे, दुसरे म्यानातच गंजते आहे. याला देखरेख म्हणणे कठीण आहे. ही वर्गव्यवस्था आहे.

संगणक आणि आधार क्रमांक आल्याने हे सारे बदलेल, असे सांगितले जाते. जून २०१७ मध्ये राज्याने ३४ हजार कोटी रुपयांची व ८९ लाख शेतकऱ्यांची कर्जमाफी जाहीर केली. अर्ज संगणकावर भरावयाचा, आणि अंगठा उमटविण्यासाठी नवरा-बायकोने केंद्रावर रांग लावावयाची, असा दंडक घालण्यात आला. बँकांकडून आलेल्या याद्यांत एकाच आधार क्रमांकावर अनेक शेतकऱ्यांची नावे निघाली. याद्यांचा घोळ कित्येक महिने चालला आणि प्रत्यक्ष लाभार्थी घोषित आकड्याच्या बरेच खाली राहिले. यंत्राने घेणाऱ्याचा अंगठा तपासला. देणाऱ्याची सही तपासण्याचे यंत्र मात्र अद्याप कोणी बसविलेले नाही.

ते यंत्र बसवावयाचे तर ते गावातच बसवावे लागेल. १९९४ साली राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनावणीचा मार्ग दाखविला. हजेरीपट व पावत्या गावासमोर मोठ्याने वाचताच खोटी नावे आपोआप उघडी पडू लागली. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने सामाजिक अंकेक्षणाचा हाच अधिकार ग्रामसभेला दिला. कर्ज आणि अनुदानाच्या बाबतीत तो का असू नये? विकास सोसायटीचे कमाल मर्यादा पत्रक, अनुदानाची व माफीची यादी, वगळलेल्यांची नावे व वगळण्याची कारणे ही सर्व ग्रामसभेत वाचली गेली पाहिजेत. अपात्र ठरलेल्या प्रत्येक प्रकरणात मंजुरी देणाऱ्याचे नावही अपात्राच्या नावाशेजारी लागले पाहिजे. जाणूनबुजून खोटी माहिती देणाऱ्याकडून पैसा अवश्य परत घ्यावा. परंतु चूक यंत्रणेची असेल तेथे वसुली सहीपासून सुरू व्हावी आणि कर्जदार शेवटी यावा. कलम ८८ च्या चौकशीस मुदतीचे बंधन खऱ्या अर्थाने लागू व्हावे, आणि त्यावरील अपील मंत्र्यांऐवजी न्यायिक अधिकाऱ्यापुढे चालावे.

या मागण्या विधानमंडळात मांडून भागणार नाही. पुरोगामी म्हणविणारे अनेक कार्यकर्तेही सोसायट्यांवर व जिल्हा बँकांवर निवडून जातात, आणि तेथे गेल्यावर यादीत आपले माणूस बसविण्याचा मोह त्यांनाही सुटत नाही. समाजवादी पक्षाच्या कार्यकर्त्याची कसोटी येथेच आहे. तो ज्या सोसायटीवर असेल, त्या सोसायटीचे मर्यादा पत्रक कायद्याची वाट न पाहता चावडीवर लागले पाहिजे. येणाऱ्या प्रत्येक कर्जमाफीच्या वेळी गावोगाव वगळलेल्यांची यादी करून ती तहसीलदाराच्या टेबलावर ठेवणे, हे मोर्चाइतकेच महत्त्वाचे काम आहे. सरकारची देखरेख खालच्या माणसावरच रोखलेली राहणार असेल, तर खालच्या माणसाने सरकारवर देखरेख ठेवण्यास संघटित झाले पाहिजे. लोकशाहीत लेखापरीक्षणाचा अखेरचा अधिकार त्याचाच आहे.