एका दिवसाचा पोशाख, वर्षभराचा शेजार

मैत्रिणींनो, जुलै महिना आला की सिंगापूरच्या आयांची एकच धांदल उडते. २१ जुलैला मुलांनी शाळेत पारंपरिक पोशाखात जायचं असतं. कुणी साडी नेसते, कुणी मलाय पद्धतीचा पायघोळ बाजू कुरुंग घालते, तर कुणी उंच गळपट्टीचा चिनी चाँगसाम. १९९७ पासून तिथल्या शाळांत हा ‘वांशिक सलोखा दिन’ पाळला जातो. मुलं एकमेकांचे जुने खेळही खेळतात. त्यातला ‘फाइव्ह स्टोन्स’ म्हणजे आपले सागरगोटेच की हो! फक्त तिथे तांदूळ किंवा कडधान्य भरलेल्या कापडाच्या चिमुकल्या पुरचुंड्या झेलतात.

दिसायला सारं गोड, पण ही तारीख मात्र कडू आहे. २१ जुलै १९६४ रोजी पैगंबर जयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी मलाय आणि चिनी लोकांत दंगल पेटली. त्या जुलैत २३ माणसं गेली. सप्टेंबरमध्ये पुन्हा भडका उडाला, त्यात आणखी १३. ही आठवण राहावी म्हणून हा दिवस.

तुम्ही म्हणाल, एक दिवस कपडे बदलून मनं बदलतात का? नाहीच बदलत! मीही शाळेत शिकवते. वेशभूषेचे दागिने संध्याकाळी डब्यात जातात, हे मला पक्कं ठाऊक आहे. मुलं खरी शिकतात ती घराच्या जिन्यात.

तिथल्या सरकारने जिन्याचाही विचार केला. सिंगापूरची बहुतेक कुटुंबं सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या इमारतींत राहतात. एका इमारतीत कोणत्या समाजाची जास्तीत जास्त किती घरं असावीत, याला १९८९ पासून मर्यादा आहे. या नियमाचा काचही होतो. अल्पसंख्य कुटुंबाला घर विकताना कधीकधी गिऱ्हाइकं कमी मिळतात, किंमत उतरवावी लागते. पण एकेका समाजाची वेगळी वस्ती होणं टळतं. पुष्कळ इमारतींचा तळमजला मोकळा असतो. तिथे कधी मलाय लग्नाचा थाट, तर कधी चिनी घरातल्या मयताचे विधी. येता-जाता मुलांना दोन्ही दिसतं.

आपल्याकडे असा नियम नाही. उलट ‘आमच्यातलेच भाडेकरू हवेत’ असं दारातच सांगितलं जातं. आणि खरं सांगू? पुष्कळदा हे ठरवतो आपण बायकाच. कारण काय, तर ‘त्यांचं खाणंपिणं वेगळं’!

अहो, खाणं वेगळं असलं तर सोय करता येते. सिंगापूरच्या खाद्यकेंद्रांत हलाल जेवणाची ताटं परत ठेवायची जागा निराळी असते. हे आपल्याकडच्या वेगळ्या कपबशीसारखं नव्हे हं! माणसं जेवायला एकाच टेबलाशी बसतात.

आपल्याला यातलं काय जमेल? दिवाळीचा फराळ पाठवण्याआधी शेजारणीला विचारा, कांदा-लसूण चालतो ना? ईदचा शिरखुर्मा आला, तर मुलांदेखत हसून वाटी घ्या आणि ती रिकामी परत करू नका. शेजारच्या आजींना मुलांनी नावाने ओळखावं, त्यांच्या दाराशी खेळावं. कुठे वाईट बातमीची कुजबुज सुरू झाली, तर ती पुढे सांगण्याआधी जिना ओलांडून त्यांनाच विचारता येईल, एवढी ओळख हवी.

आणि मागची खोली भाड्याने द्यायची असेल, तर आडनाव विचारण्याआधी विचारा, घरात माणसं किती, आणि पाणी किती लागेल?