उमेदवारीचे एक वर्ष

भारतीय सनदी लेखापाल संस्थेने १ जुलै २०२३ पासून अभ्यासक्रमाची जी नवी योजना अमलात आणली, तिने चार्टर्ड अकौंटंट होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांचा मार्ग बराच सुटसुटीत केला आहे. इंटरमीजिएट आणि फायनल या दोन्ही पायऱ्यांवर आठ-आठ प्रश्नपत्रिका होत्या, त्या सहा-सहा झाल्या. वर्षातून दोनदा होणारी परीक्षा तीनदा घेण्याचे ठरले. खालच्या दोन पायऱ्यांना हा लाभ २०२४ पासून आणि फायनलला २०२५ पासून मिळाला. थोडक्यात हुकलेल्या विद्यार्थ्यास सहा महिने ताटकळत ठेवण्यात कोणतेही शहाणपण नव्हते. या सुधारणेचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो.

परंतु याच योजनेने पेढीवरील उमेदवारीची मुदत तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आणली, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. उमेदवारी संपल्यावर अभ्यासासाठी सहा महिने देऊनच फायनलला बसू द्यावयाचे, म्हणजे कचेरी आणि पुस्तक यांची ओढाताण थांबेल, हा संस्थेचा हेतू समजण्याजोगा आहे. तथापि प्रश्नपत्रिकेने केवळ ज्ञान जोखता येते. गोदामातील माल स्वतः मोजणे, पावती आणि नोंद यांचा मेळ घालणे, आणि प्रसंगी संचालकांच्या तोंडावर ‘ही नोंद मान्य नाही’ असे विनयाने पण ठामपणे सांगणे, हे शिक्षण जाणत्या लेखापालाच्या हाताखालीच मिळते.

हा प्रश्न केवळ विद्यार्थ्यांचा नाही. म्हापसा अर्बन सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २०२० साली आणि मडगाव अर्बनचा २०२१ साली रद्द केला, तेव्हा ठेवीदारांची झालेली घालमेल गोमंतकाने पाहिली आहे. त्या पतनाचा दोष हिशेबतपासनिसांच्या माथी मारण्याचा आमचा हेतू नाही. मात्र निवृत्त शिक्षक असो वा बाजारातील छोटा दुकानदार, त्याला ताळेबंद वाचता येत नाही. तो ताळेबंदाखालच्या सहीवर विसंबून असतो. त्या सहीचे मोल घटले तर त्याची किंमत त्यालाच मोजावी लागते.

म्हणूनच, मुदत घटविली असेल तर उरलेल्या दोन वर्षांचा कस वाढविला पाहिजे. उमेदवारास टपाल वाहण्यास आणि बँकेच्या रांगेत उभे करण्यास ठेवावयाचे, किंवा नाव पेढीच्या पटावर आणि मुलगा मात्र शिकवणी वर्गात, असले प्रकार या व्यवसायाला अपरिचित नाहीत. तीन वर्षांत ते कसेबसे खपून जात. दोन वर्षांत खपणार नाहीत. संस्थेने उमेदवारांच्या कामाच्या नोंदी अकस्मात तपासाव्यात आणि कागदोपत्री उमेदवारी चालविणाऱ्या पेढ्यांचा उमेदवार घेण्याचा अधिकारच काढून घ्यावा. पालकांनीही मुलाला पेढी निवडून देताना सुटी किती मिळते याऐवजी काम कोणते मिळते, हे विचारावे.

परीक्षा सोपी झाली की कठीण, हा वाद निकालाच्या दिवशी रंगतो आणि विरतो. सनद मिळालेला तरुण पुढे चाळीस वर्षे लोकांच्या पैशांवर सही करणार आहे. दोन वर्षांत त्याला घडविण्याची जबाबदारी संस्थेने पत्करली आहे; ती पार पाडली जाते की नाही, याचा जाब विचारण्याचा अधिकार समाजास आहे.