बिदागी आणि होकार

वाचकहो, ‘भूमिगत’ म्हटले की आपल्याला १९४२ आठवते. परंतु संगीतातही असा एक पंथ आहे. बड्या कंपन्यांपासून चार हात दूर राहावे, घरच्या घरी विजेच्या वाद्यांवर चिजा बांधाव्या आणि त्यांच्या थोड्याशा तबकड्या आपणच काढाव्या, ही या मंडळींची रीत. त्यांतल्या एखाद्याने आपली चीज जाहिरातीला दिली रे दिली की रसिक ओरडतात, “बाटला! विकला गेला!”

मला या ओरड्याची चीड येते. अमेरिकेतले डेट्रॉइट हे मोटारींचे शहर. वॉन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन या तिघा कृष्णवर्णीय तरुणांनी तेथे १९८० नंतर ‘टेक्नो’ संगीत घडवले. पुढे फोर्ड कंपनीने आपल्या ‘फोकस’ मोटारीच्या जाहिरातीत ॲटकिन्सची चीज घेतली. २००१ मध्ये तिथल्या संगीतोत्सवालाही त्या मोटारीचे नाव लागले. आता मला सांगा, ज्या गावात मोटारींच्या पगारावर हजारो चुली पेटल्या, त्या गावच्या कलावंताने मोटारवाल्याची बिदागी घेतली तर त्याची कला विटाळली कशी? एक तारखेला पगार मोजून घेणाऱ्याने दुसऱ्याला उपवास सांगू नये!

मग वाटेल ते विकावे काय? मुळीच नाही. मोबी या संगीतकाराच्या १९९९ च्या ‘प्ले’ या तबकडीतल्या १८ च्या १८ चिजा चित्रपट, दूरचित्रवाणी आणि जाहिराती यांच्या कामी आल्या. त्यांतल्या एकीत अलाबामाच्या व्हेरा हॉल या गायिकेचा जुना आवाज आहे. ती बिचारी १९६४ मध्येच वारली. मोबीने होकार दिला. तिचा कोणी घेतला? कायद्याच्या वहीत सारे चोख असेलही, माझ्या मनाला ते चोख वाटत नाही.

माझ्या लेखी सारी मेख या होकारात आहे. जाहिरातीला दोन परवानग्या लागतात: एक रचनेची, दुसरी ध्वनिमुद्रणाची. कंपनीशी बांधलेल्या कलावंताच्या हाती निदान दुसरी बहुधा उरत नाही. स्वतःची तबकडी स्वतः काढणाऱ्याजवळ दोन्ही असतात. तीच त्याची इस्टेट! ती राखायला मात्र कंबर कसावी लागते. १९९९ मध्ये डेट्रॉइटच्याच ‘अंडरग्राउंड रेझिस्टन्स’च्या ‘जॅग्वार’ या चिजेची नक्कल सोनीच्या जर्मन शाखेने कर्त्यांच्या संमतीवाचून करून घेतली. ते प्रकरण जाहिरातीचे नव्हते, पण संमतीचेच होते. चाहत्यांनी असा गिल्ला केला की सोनीला माघार घ्यावी लागली.

तेव्हा संगीतकारांनो, मोटारीला द्या, साबणाला द्या, पण प्रत्येक जाहिरातीचा करार निराळा करा, मुदत लिहून घ्या, आणि दुसऱ्याचा आवाज वापरला असेल तर आधी त्याच्या दारी जा. बिदागी खुशाल खिशात घाला. किल्ली मात्र आपल्याच कनवटीला असू द्या.