होडीला आशीर्वाद, आणि समुद्राला?

जुलै महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जागतिक ख्रिस्तसभा 'समुद्र रविवार' पाळते. खलाशी, मच्छीमार व त्यांची कुटुंबे यांची त्या दिवशी पवित्र मिस्सामध्ये आठवण केली जाते. १९२० साली ग्लासगो येथे सुरू झालेले आणि आज 'स्टेला मॅरिस' या नावाने ओळखले जाणारे सेवाकार्य जगभरच्या बंदरांतून या लोकांच्या पाठीशी उभे आहे.

नरखेड तालुक्यातील एखादा वाचक म्हणेल, संत्र्याच्या बागांत राहणाऱ्या आम्हांला समुद्राचे काय? परंतु पाणी काय देते आणि काय हिरावून नेते, हे याच तालुक्यातील मोवाडला कोणी शिकवायला नको. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने त्या गावात दोनशेहून अधिक माणसांचा बळी घेतला. मृग बहरासाठी आभाळाकडे डोळे लावणारा बागाईतदार आणि उधाणाची वाट पाहणारा कोळी यांची काळजी एकाच जातीची आहे. म्हणून या आठवड्यात आम्ही सातशे-आठशे किलोमीटर दूर असलेल्या आपल्या बांधवांविषयी लिहीत आहोत.

उत्तन, नायगाव, पाचूबंदर, अर्नाळा ही किनाऱ्यावरील गावे. येथील ख्रिस्ती कोळी समाजाची श्रद्धा शेकडो वर्षांची आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकला, पोर्तुगीज सत्ता गेली. पण लोकांनी श्रद्धा सोडली नाही. उत्तन येथील चर्च तर समुद्राच्या मातेलाच अर्पण केलेले आहे. या गावांचा दिवस घड्याळावर चालत नाही, तो भरती-ओहोटीवर चालतो. डोल जाळ्याची मासेमारी प्रवाहाच्या जोरावर होते. उधाणाच्या दिवसांत जाळे भरते, भांगाच्या दिवसांत हात रिकामे राहतात. नाखवा समुद्रात असतो तेव्हा घरची बाई बाजार सांभाळते, बोंबील वाळत घालते, मुलांच्या शाळेची फी भरते आणि संध्याकाळी रोझरीलाही बसते.

समुद्र रविवार येतो तेव्हा आपल्या होड्या मात्र किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. माशांच्या प्रजननाचा हा काळ. जाळी दुरुस्त होतात, साठवलेले सुके मासे विकले जातात, क्वचित दागिनेही गहाण पडतात. मग बंदी उठते, धर्मगुरू बंदरावर जातात, होड्यांवर पवित्र पाणी शिंपडतात. शेजारचे हिंदू कोळी बांधव नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करतात. श्रद्धा दोन, समुद्र एकच.

प्रश्न येथेच सुरू होतो. आपण होडीला आशीर्वाद देतो; पण ज्या समुद्रात ती जाणार, त्याची अवस्था काय आहे?

पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मान्यता दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. खर्च सुमारे ७६ हजार कोटी रुपये; समुद्रात १,४४८ हेक्टर भराव. रोजगार वाढेल, व्यापार वाढेल, असे शासन सांगते आणि ते सर्वस्वी खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु मासेमारीची जागा गेलेल्या पन्नाशीच्या तांडेलाला कंटेनर टर्मिनलवर कोणते काम मिळणार? शेतकऱ्याची जमीन गेली तर त्याच्याकडे दाखवायला सातबारा असतो. कोळ्याने पिढ्यान्पिढ्या राखलेल्या समुद्रातील जागेचा सातबारा नसतो. भरपाईच्या चर्चेत त्याचा आवाज क्षीण होतो तो यामुळेच. एप्रिल २०२५ मध्ये राज्य शासनाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला, हे स्वागतार्ह आहे. मात्र दर्जाबरोबर हक्कही पोचले पाहिजेत.

तरीही सर्व दोष शासनावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेटला 'राज्य मासा' घोषित करण्यात आले, ते त्याचे संवर्धन व्हावे म्हणून. त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरविण्यात आले. पापलेटचे हाताच्या बोटांएवढे पिल्लू जाळ्यात कोण ओढतो? बारीक आसाचे जाळे कोण विणतो? एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर २०१७ पासून बंदी असताना ते दिवे कोण पेटवतो? मोठ्या भांडवलाच्या नौका यात पुढे आहेत हे खरे. पण लहानग्या पिल्लांची टोपली आपल्या गावच्या बाजारातही दिसते, आणि ती विकत घेणारे आपणच असतो. पापनिवेदनाला जाताना हेही आठवायला हवे.

परमगुरू फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या विश्वपत्रात पृथ्वीला आपले सामायिक घर म्हटले आणि निसर्गाची हानी व गरिबांची हानी वेगळी काढता येत नाही, हे बजावले. वसईत त्याच्या कितीतरी आधी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'हरित वसई' चळवळीत माती, पाणी व झाडे यांसाठी भाविकांना, तसेच अन्यधर्मीय बांधवांनाही एकत्र आणले होते. वेदीवरचा धर्म विहिरीपर्यंत नेता येतो, हे त्यांनी दाखवून दिले. आता तो समुद्रापर्यंत नेण्याची पाळी आहे.

त्यासाठी मोठ्या सभांची गरज नाही. किनाऱ्यावरील धर्मग्रामांनी बंदीच्या ६१ दिवसांत मच्छीमार सोसायट्या व जाणकार यांच्यासह बसून जाळ्यांच्या आसाचा व किमान आकारमानाचा विषय घ्यावा. प्रकल्पबाधितांच्या कागदपत्रांसाठी तरुण वकिलांनी आठवड्यातील एक संध्याकाळ द्यावी. आणि आतल्या जिल्ह्यांतील आपण मासळी घेताना पिल्लू नाकारावे.

संत लूकच्या शुभवर्तमानात (अध्याय ५) रात्रभर राबून रिकाम्या हाती परतलेले मच्छीमार जाळी धूत असताना प्रभू येशू त्यांच्याकडे येतो. तो पेत्राच्या होडीतच बसतो, तिथूनच लोकांना शिकवतो आणि मग खोल पाण्यात जायला सांगतो. ख्रिस्तसभेचे स्थानही तेच आहे. पवित्र पाणी शिंपडून किनाऱ्यावर थांबणे पुरेसे नाही. होडीत बसले पाहिजे.