जावाच्या लेखी ‘अ’ उणे आहे

‘अ’ हे अक्षर यूटीएफ-८ पद्धतीने साठवलं की त्याचे तीन बाइट होतात: २२४, १६४ आणि १३३. हेच तीन बाइट जावा या प्रोग्रामिंग भाषेला विचारले तर ती सांगते, उणे ३२, उणे ९२, उणे १२३. इंग्रजी मोठा ‘ए’ मात्र दोन्हीकडे ६५चा ६५. देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराच्या प्रत्येक बाइटची हीच गत. अख्खं मराठी साहित्य जावाच्या बाइटांत मोजलं तर शून्याच्या खाली! (मोकळ्या जागा आणि स्वल्पविराम तेवढे वर.)

साहित्य मंडळाच्या अंकात हे कशाला, असं काहीजण विचारतीलच. पण हा प्रश्न वाचनाचाच आहे. एका बाइटमध्ये आठ बिट असतात आणि त्यांचे २५६ नमुने होतात. ते ० ते २५५ असे वाचता येतात. याला अनसाइन्ड म्हणतात, म्हणजे चिन्ह नसलेली संख्या. किंवा सर्वांत डावीकडचा बिट १ असेल तर संख्या उणे, असं ठरवून उणे १२८ ते १२७ असेही वाचता येतात. बिट तेच, वाचन वेगळं. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. ‘जग’ लिहिलं की ते दुनिया या अर्थाचं जग, की ‘जगणे’मधलं ‘जग’, हे अक्षरं सांगत नाहीत. उच्चार वेगळा, अर्थ वेगळा, लिहिणं एकच. आपण वाक्यावरून ओळखतो. यंत्रापाशी वाक्य नसतं, म्हणून त्याला आधीच सांगून ठेवावं लागतं की हा मजकूर कुठल्या प्रकारचा आहे. प्रोग्रामर त्याला टाइप म्हणतात.

गंमत अशी की बेरीज-वजाबाकीला या भेदाचं सोयरसुतक नसतं. दोन्ही वाचनांत बिट तेच निघतात. दोन संख्या सारख्या आहेत का, या तपासणीलाही फरक पडत नाही. भानगड सुरू होते ‘यात मोठं कोण?’ असं विचारल्यावर.

१९९५ साली जावा आली तेव्हा तिच्यात अनसाइन्ड पूर्णांक ठेवलेच नव्हते. अपवाद एकच, अक्षरासाठीचा सोळा बिटांचा ‘कॅरॅक्टर’ प्रकार. जावाचे जनक जेम्स गॉस्लिंग यांचं म्हणणं थोडक्यात असं, की अनसाइन्डचे नियम खुद्द सी भाषेत काम करणाऱ्यांनाही धड ठाऊक नसतात. मग साधी भाषा करायची तर हे ओझं कशाला? त्यांची बाजू पोकळ नाही. सी प्लस प्लसमध्ये साधा उणे १ आणि अनसाइन्ड १ यांची तुलना करून बघा. उणे १ लहान का, तर उत्तर येतं ‘नाही’. कारण तुलनेआधी उणे १चं गुपचूप ४२९४९६७२९५ होतं. बरोबर तुलना करणारी वेगळी फंक्शन्स त्या भाषेच्या २०२०च्या मानकात आली.

पण गरज नाकारली म्हणून ती संपते थोडीच? जावाच्या ग्रंथालयातल्या द्विभाजन शोधात एक चूक सुमारे नऊ वर्षं दडून होती. मधली जागा काढायला दोन टोकांची बेरीज करायची. यादी प्रचंड असली की ती बेरीज उणे दिसायची आणि प्रोग्राम कोसळायचा. २००६ साली जोशुआ ब्लॉक यांनी ती जाहीरपणे मांडली. उपाय काय, तर निम्मं करताना चिन्हाकडे दुर्लक्ष करणारा उजवा सरकाव वापरा. म्हणजे जावाच्या स्वतःच्या घरातली चूक ती बेरीज अनसाइन्ड म्हणून वाचूनच सुधारली! पुढे २०१४ साली जावा ८मध्ये ‘कंपेअर-अनसाइन्ड’ आलं. ते आतून काय करतं? दोन्ही संख्यांत उणे २१४७४८३६४८ मिळवतं, म्हणजे डावीकडचा बिट उलटतो, आणि मग नेहमीचीच तुलना करतं. हुशारीचा प्रकार आहे, मान्य. पण ते वापरायची आठवण कोणी ठेवायची? भाषा ठेवत नाही, लिहिणाऱ्याने ठेवायची.

सी शार्पचं वागणं मला जास्त सभ्य वाटतं. तिथे बत्तीस बिटांची साधी आणि अनसाइन्ड संख्या समोरासमोर आल्या की दोन्ही चौसष्ट बिटांत नेऊन बरोबर उत्तर देतात. चौसष्ट बिटांची अनसाइन्ड संख्या असेल आणि साध्या संख्येशी तुलना मागितली, तर कंपायलर सरळ नकार देतो. आणि तिथला बाइट ० ते २५५ असाच आहे. उणे हवा असेल तर वेगळं नाव घेऊन मागायचा.

माझं भांडण नेमकं इथे आहे. मोठे पूर्णांक हिशेबाला लागतात, तिथे उणे हवेच. जावाचा तो निर्णय समजू शकते. बाइट मात्र कोणी हिशेबाला घेत नाही. तो अक्षराचा तुकडा असतो, चित्रातल्या रंगाचा असतो, फाइलचा असतो. त्याला उणे करण्यात साधेपणा कुठला?

याचा झटका आम्हाला मंडळातच बसला. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’तल्या शब्दांची सूची करणं चालू आहे. १६१६ साली राशोलला छापलेलं हे पुराण मराठी, पण रोमन लिपीत. म्हणून सूचीत दोन्ही लिप्या. कॉम्प्युटर विभागातल्या मित्राने जावात क्रम लावून दिला, बाइटला बाइट भिडवून. देवनागरी शब्द सगळे रोमनच्या आधी आले. मंडळी खूश! देवनागरीचा आपसातला क्रमही ठीक दिसत होता, कारण सगळेच उणे असले की लहान-मोठेपणा आपसात बिघडत नाही. घोळ दिसला तो ‘देव बाप’ या नोंदीत. ती ‘देवपण’, ‘देवालय’ यांच्याही खाली जाऊन बसली. मधल्या मोकळ्या जागेचा बाइट ३२, आणि ‘प’चा पहिला बाइट उणे ३२. अनसाइन्ड वाचला असता तर तो २२४ झाला असता आणि ‘देव बाप’ वर राहिला असता.

मित्राला मी दोष देणार नाही. त्याने ‘लहान’चं चिन्ह लिहिलं, जसं कुणीही लिहील. शब्द स्ट्रिंग म्हणून ठेवले असते तर हे झालं नसतं, कारण ‘कॅरॅक्टर’ अनसाइन्डच आहे. पण म्हणजे एकाच भाषेत अक्षर अधिक आणि त्याच अक्षराचे तुकडे उणे! बाइटांच्या अख्ख्या रांगांची अनसाइन्ड तुलना २०१७च्या जावा ९मध्ये आली. ती वापरली आणि एका ओळीत काम झालं.

आता उरला ‘ळ’. युनिकोडमध्ये तो ‘ल’च्या लगेच पुढे आहे, मराठी वर्णमालेत ‘ह’नंतर. इथे साइन्ड-अनसाइन्ड काही कामाचं नाही, मराठीचा क्रम वेगळा लिहून द्यावा लागेल. मंडळात यावर दोन तट पडलेत. मी ‘ह’नंतरवाल्यांत आहे.