यीस्टचे चाळीस, फल्लीदाण्यांचे सव्वीस

साप्ताहिक सदर : ताटातला हिशोब

शंभर ग्रॅम कोरड्या यीस्टमध्ये चाळीस ग्रॅम प्रथिनं, शंभर ग्रॅम फल्लीदाण्यांत सव्वीस. आकडे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यातले आहेत आणि बरोबर आहेत. फोलेट या बी गटातल्या जीवनसत्त्वाकडे पाहिलं तर सामना एकतर्फीच होतो. यीस्टमध्ये ते २,३४० मायक्रोग्रॅम आणि कच्च्या दाण्यांत २४०, म्हणजे जवळपास दहापट. चरबी दाण्यांत ४९ ग्रॅम, यीस्टमध्ये साडेसात. उष्मांक दाण्यांचे ५६७, यीस्टचे ३२५. वजन उतरवायचं मनावर घेतलेल्या एखाद्या गृहस्थाने हा तक्ता वाचला, तर तो दाण्यांचा डबा शेजारी देऊन यीस्ट आणायला निघेल. मोर्शीच्या बाजारात किराणावाला त्याला एवढंच विचारेल, "किती पोते मैदा भिजवता जी?"

त्या प्रश्नात जेवढं पोषणशास्त्र आहे तेवढं त्या तक्त्यात नाही. एक किलो मैद्याला साधारण दहा ग्रॅम कोरडं यीस्ट लागतं. त्याचे दीड किलोच्या आसपास पाव होतात. शंभर ग्रॅम पाव खाल्ला तर पोटात गेलेलं यीस्ट पाऊण ग्रॅमही भरत नाही आणि त्यातली प्रथिनं पाव ग्रॅमच्या थोडी वर जातात. भट्टीच्या आचेत फोलेटचाही काही भाग जातो. याउलट एक मूठ दाणे म्हणजे तीस ग्रॅमच्या आसपास. चहासोबत बोलता बोलता संपणाऱ्या या मुठीत पावणेआठ ग्रॅम प्रथिनं आणि सत्तरेक मायक्रोग्रॅम फोलेट आहे. भाजल्यावर फोलेट कमी होतं, पण प्रथिनं जागेवर राहतात.

यीस्टची निदान बढाई तरी खरी आहे. बेकिंग पावडरीचं त्याहून गमतीचं. त्याच तक्त्यात एका प्रकारच्या बेकिंग पावडरीत शंभर ग्रॅमला ५,८७६ मिलिग्रॅम कॅल्शियम दिलंय. दाण्यांत ९२. 'दाण्यांपेक्षा चौसष्ट पट कॅल्शियम' असा मथळा कुणीही करू शकतो, आणि तो खोटाही ठरणार नाही. हे कॅल्शियम त्या पावडरीतल्या क्षारांचं आहे. ते मिळवायला चमच्याने बेकिंग पावडर खायला बसलं, तर सोबत दर शंभर ग्रॅमला दहा ग्रॅमहून जास्त सोडियमही येतं. खायच्या सोड्यात तर सोडियमशिवाय मोजण्यासारखं काही नाहीच : शंभर ग्रॅमला सत्तावीस ग्रॅम, बाकी रकाने कोरे.

म्हणून माझं म्हणणं असं की पीठ फुगवणाऱ्या पदार्थाला 'तुझ्यात काय आहे' हे विचारायचंच नसतं. तो चिमटीने पडतो. 'तू अन्नाचं काय केलंस' हे त्याला विचारायचं. दाणे मात्र मुठीने खाल्ले जातात, त्यांना पहिला प्रश्न लागू पडतो.

यीस्ट खरोखरच अन्न म्हणून खाल्लं गेलं तर काय होतं, याचा दाखला आपल्याच मुंबईत आहे. १९२८ मध्ये लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गरोदर बायांना एक जीवघेणा रक्तक्षय होत असे. त्यात रक्तातल्या तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. परळच्या हाफकिन संस्थेत विल्सबाईंनी या बायांच्या जेवणाचा अभ्यास केला, तसलाच निकृष्ट आहार उंदरांना आणि माकडांना देऊन पाहिला. मग मार्माइट दिलं. मार्माइट म्हणजे बिअर गाळल्यावर उरलेल्या यीस्टचा काळा, खारट अर्क. इंग्रज तो पावाला लावून खातात. तो महाग नव्हता, आणि रुग्ण बायांचं रक्त त्याने भरून येऊ लागलं. १९३१ मध्ये त्यांनी हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं. अर्कात नेमकं काय आहे हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून वैद्यकात त्याला 'विल्स घटक' म्हणू लागले. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून फोलिक आम्ल वेगळं काढलं गेलं. ते कारखान्यात तयार करण्याची वाट १९४५ मध्ये ज्या प्रयोगशाळेने खुली केली, तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमवरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. आज आशाताई गरोदर बाईच्या हातावर जी लाल गोळी ठेवते, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असतं. त्या गोळीचा रस्ता परळवरून गेलाय. दाण्यांची बाजू घेऊन लिहीत असलो तरी हेही सांगायला हवं की मूठभर दाण्यांनी त्या गोळीची बरोबरी होत नाही. गोळी घ्यायची, दाणे वरून खायचे.

पावाचं यीस्ट आणि बिअरचं यीस्ट एकाच जातीचं. पण म्हणून कुणी जिवंत यीस्ट पाण्यात कालवून पिऊ नये. जिवंत पेशी आपली जीवनसत्त्वं सहजी सोडत नाही, उलट आतड्यातलं थायमिन, म्हणजे बी-१, स्वतःकडे ओढून घेते. मार्माइटमध्ये पेशी मारून फोडलेल्या असतात, म्हणून ते उपयोगी पडलं. आणखी एक, शाकाहारी मंडळींसाठी : वरून मिसळलेलं नसेल तर यीस्टमध्ये बी-१२ जवळपास नसतंच. दाण्यांतही नाही. तिथे दोघंही नापास.

आता सोड्याकडे, कारण वऱ्हाडात खरा प्रश्न सोड्याचा आहे. भज्यांतल्या चिमटीबद्दल माझी तक्रार नाही. भज्यात सोड्यापेक्षा तेल आधी मोजावं. तक्रार वरणातल्या सोड्याची आहे. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, दर्यापूर-अकोल्याकडे, विहिरीच्या पाण्यात डाळ शिजता शिजत नाही. जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम डाळीच्या पेशींच्या भिंतीतल्या पेक्टिनला धरून बसतं आणि दाणा टणक राहतो. सोडा टाकला की डाळ गळते. त्या चिमटीतलं सोडियम चार जणांत वाटलं गेलं तर फार नसतं. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा दोन हजार मिलिग्रॅमची आहे, पाव चमचा सोड्यातून तीनशेच्या आसपास येतं. नुकसान तक्त्यात न दिसणारं आहे : अल्कधर्मी पाण्यात उकळताना डाळीतलं थायमिन नासतं. सोड्याच्या पोषणमूल्यात हे कुठेच लिहिलेलं नसतं, कारण तो सोड्याचा गुण नाही, सोड्याची करणी आहे. पण ज्या घरात सिलिंडर महिना पुरवायचा असतो तिथल्या बाईला 'सोडा टाकू नका' म्हणून मोकळं होणं सोपं आहे. गोडं पाणी मिळालं तर ती कशाला टाकेल? तोवर रात्रभर भिजवणं आणि कुकर, एवढेच उपाय हाताशी आहेत.

यीस्टची करणी मात्र उलट दिशेची आहे. गव्हाच्या कोंड्यात फायटेट असतं, ते लोह आणि जस्त यांना बांधून ठेवतं. पीठ आंबलं की त्यातलं बरंच फायटेट मोडतं आणि अडकलेलं लोह-जस्त शरीराच्या हाती लागतं. आपल्या पोळीला, रोडग्याला हा फायदा मिळत नाही, पण मैद्याच्या पावालाही फारसा मिळत नाही, कारण मैद्यातला कोंडा गिरणीतच गेला. कणकेचा आंबवलेला पाव हाच यीस्टचा खरा वकील, आणि तो आपल्या बेकऱ्यांत क्वचित दिसतो. दाण्यांतही फायटेट आहे. शंभर ग्रॅमला साडेचार मिलिग्रॅम लोह असलं तरी सगळं अंगी लागत नाही. क जीवनसत्त्वाने लोहाची वाट थोडी मोकळी होते. संत्र्यांच्या गावात राहून दाण्यांवर संत्रं खायला कुणी कशाला सांगायला हवं? पण आपण संत्रं पाहुण्याला देतो आणि दाणे तर्रीपोह्यात शोधतो.

दाण्यांची ताकद जगाने मान्य केली तीही एका पाकिटामुळे. १९९६ मध्ये अँद्रे ब्रियाँ या फ्रेंच डॉक्टरने कुपोषित मुलांसाठी दाण्यांचा लगदा, दूध पावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वं एकत्र केली. पाणी नको, शिजवणं नको, म्हणून जंतूंनाही वाव नाही. ९२ ग्रॅमच्या पाकिटात ५०० उष्मांक. महाराष्ट्रात अशा पाकिटांवरून बराच वाद झाला. २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना कळवलं की पुरेसा पुरावा नाही. पाकिटाऐवजी अंगणवाडीतलं ताजं, गरम अन्न असावं, या बाजूचा मी आहे. पण लक्षात घ्या, वाद पाकिटावर होता, दाण्यावर नव्हता. आपल्याच जिल्ह्यातल्या मेळघाटात गरोदर आणि स्तनदा मातांसाठी २०१५ पासून जी अमृत आहार योजना आहे, तिच्या ताटातही शेंगदाण्याचा लाडू आहेच.

दाण्यांचा एक दोष मात्र कुठल्याच तक्त्यात दिसत नाही. ओलसर कोठीत दाण्यांवर अ‍ॅस्परजिलस बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचं यकृताचं विष तयार करते. १९६० मध्ये इंग्लंडात एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले, तेव्हा ते ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत सापडलं. यीस्टही बुरशीच, पण कामाची. कडवट, काळपटलेला, सुरकुतलेला दाणा तोंडात आला तर थुंकावा, आणि तसे दाणे चटणीत तर मुळीच घालू नयेत. भाजल्याने हे विष पुरतं जात नाही, वरून तिखट त्याची चव झाकतं.

आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०२० चे लेबलचे नियम पाकिटावर शंभर ग्रॅममागचे आकडे मागतात, आणि एका वेळच्या वाढपातून दिवसाच्या गरजेचा किती टक्के भाग मिळतो तेही. नियम चांगला आहे. पण एक वाढप म्हणजे किती हे कंपनी ठरवते, आणि चिवड्याच्या पाकिटावरचं वाढप एवढुसं असतं की त्यात शाळकरी पोराचंही भागणार नाही. अंगणवाडीच्या भिंतीवरच्या तक्त्यांना कंपनीची अडचण नाही. तिथे ग्रॅमच्या रकान्याशेजारी एकच रकाना वाढवावा : चिमूट, चमचा, मूठ, वाटी. मग दाण्यांपुढे 'मूठ' येईल, डाळीपुढे 'वाटी', सोड्यापुढे 'चिमूट, आणि वरणात नाही'. यीस्टची ओळ त्या भिंतीवर रंगवायची गरज पडणार नाही.

— मोर्शीकर