वाऱ्यावरची ‘इंडिका’

गेल्या सत्रात वाक्प्रचारांवरील तासाला ‘भांगेत तुळस’चा अर्थ सांगत होतो. दुर्जनांच्या मेळ्यात एखादा सज्जन निघाला की आपण असे म्हणतो. उलट घडले की ‘तुळशीत भांग’. मागच्या बाकावरून एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, परदेशात ‘इंडिका’ म्हणून जो गांजा विकतात, तो आपल्या या भांगेचाच ना?” व्युत्पत्तीवर भिस्त ठेवून मी तत्काळ उत्तर दिले, “अर्थातच. इंडिका म्हणजे भारतीय.” तास संपला. पुढे थोडे वाचन केल्यावर ध्यानात आले, की उत्तर चुकले होते. आणि चुकण्याचे कारण भाषेच्या अध्यापकाला खाली मान घालायला लावणारे होते. मी केवळ नावाचा अर्थ सांगितला होता आणि वस्तूची ओळख करून दिल्याचे समाधान मानले होते.

लिनियसने १७५३ मध्ये युरोपातील धाग्याच्या पिकाला ‘कॅनाबिस सटायव्हा’ हे नाव दिले. १७८५ मध्ये लामार्कने भारतातून आलेले नमुने पाहून ‘कॅनाबिस इंडिका’ ही निराळी जाती मांडली. ही इंडिका अरुंद पानांची, टणक खोडाची, धाग्यासाठी फारशी उपयोगाची नसलेली पण मादक अशी होती. येथवर नाव आणि गाव जुळत होते. १९७० च्या दशकात मात्र अफगाणिस्तानातील हिंदुकुशच्या परिसरातली बुटकी, रुंद पानांची झाडे अभ्यासकांनी ‘इंडिका’ या नावाखाली वर्णिली. बी-बियाण्यांच्या बाजाराने तो शब्द उचलला आणि अरुंद पानांची उंच झाडे, म्हणजे लामार्कने पाहिली होती तशीच झाडे, ‘सटायव्हा’ ठरवली. पुढे दोहोंचे इतके संकर झाले, की ‘इंडिकाप्रधान’, ‘सटायव्हाप्रधान’ अशी विशेषणे निघाली. ‘नेचर प्लांट्स’ या नियतकालिकात २०२१ साली आलेल्या अभ्यासानुसार या नावांचा झाडांच्या एकंदर जनुकीय नात्याशी फारसा मेळ बसत नाही. ती मुख्यतः काही गंधद्रव्यांच्या फरकाशी निगडित आहेत.

यावर कोणी म्हणेल, की नाव चुकले तर चुकले, झाडाचे त्यात काय बिघडले? याचे उत्तर ग्रंथालयात मिळत नाही. ते समुद्रकाठच्या वाऱ्यात मिळते.

त्यासाठी जमैकाकडे पाहू. १८४५ पासून भारतातील गिरमिटिया मजूर तेथे उसाच्या मळ्यांवर गेले. त्यांच्यासोबत हे झाड गेले आणि ‘गांजा’ हा शब्दही गेला. आजही तेथे तोच शब्द रूढ आहे. हे बेट साधारण आपल्या अलिबागच्याच अक्षांशावर आहे. हवा दमट आणि उष्ण, वर्षातील बराच काळ व्यापारी वाऱ्यांची, हंगामात चक्रीवादळांची. तेथे रुजलेले उंच, विरळ तुऱ्यांचे स्थानिक वाण पिढ्यान्‌पिढ्या त्या हवेत निवडले गेले होते.

अशा ठिकाणी इंडिकाप्रधान वाण लावला तर काय होते? वरकरणी पाहता तो किनाऱ्यासाठीच घडवल्यासारखा वाटतो. खोड आखूड आणि जाड, फांद्या आवळलेल्या. जोराच्या वाऱ्यात उंच झाड मोडते तेथे हे टिकून राहते. पण त्याचे तुरे कोरड्या पहाडी हवेत घडलेले, घट्ट आणि भरगच्च. दमट हवेत त्यांच्या गाभ्यात ओल साचते आणि करडी बुरशी आतून पोखरू लागते. बाहेरून तुरा धडधाकट दिसत असतानाच तो आत सडलेला असतो. विरळ तुऱ्यातून वारा आरपार जातो आणि पावसानंतर तो लवकर वाळतो. म्हणजे खोडाला जो वारा सोसतो, तो तुऱ्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचतच नाही. शिवाय हे झाड रात्रीच्या लांबीवर फुलते. हिंदुकुशातील उन्हाळी दिवस मोठा. विषुववृत्ताच्या जवळ रात्री तुलनेने लांब, त्यामुळे ते पुरते वाढण्याआधीच फुलोऱ्यावर येते. नावात ‘भारत’ आहे, पण भारताच्या किनाऱ्यासारख्या हवेत ते पाहुणेच ठरते.

बरे, हा पाहुणा स्वतःपुरता राहत नाही. या झाडात नर-मादी वेगवेगळे असतात आणि परागसिंचन वारा करतो. पराग कित्येक किलोमीटर जातात. किनाऱ्यावरच्या वाऱ्यात कुंपणाला अर्थ नसतो. जमैकातील जुने वाण अशा बाहेरच्या संकरांपुढे मागे पडले. वेस्ट इंडीज विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ मॅशेल इमॅन्युएल यांना ते शोधून, जोपासून पुन्हा उभे करण्याचे काम हाती घ्यावे लागले. २०१५ च्या कायद्याने तेथे दोन औंसांपर्यंत गांजा बाळगणे गुन्हेगारीच्या कक्षेबाहेर आले आणि घरटी पाच झाडांची मुभा मिळाली. पण २०२० मधील वादळी पाऊस आणि त्यामागून आलेले अवर्षण यांनी मळ्यांची अशी दैना केली, की २०२१ च्या आरंभी खुद्द जमैकात गांजाची टंचाई झाली. कायदा बदलता येतो, हवा बदलता येत नाही.

आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानुसार परवान्याविना या झाडाची लागवड हा गुन्हा आहे, आणि या लेखाचा हेतू त्याची भलामण करणे हा नाही. औषधी व औद्योगिक लागवडीची चर्चा मात्र आपल्या अनेक राज्यांत होत असते. ती किनारपट्टीपर्यंत आलीच, तर बियाण्याच्या पाकिटावरचे ‘इंडिका’ वाचून ‘हे तर आपलेच’ असे कोणी म्हणू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. तसे म्हटले गेले तर नुकसान सोसेल तो शेतकरी. नाव देणारा नव्हे.

आणि हे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे? ‘ग्रामीण’, ‘देशी’, ‘महानगरीय’ ही आपली लेबले आपण अशीच चिकटवतो. एखादी कादंबरी ‘देशी’ आहे असे ठरले, की तिची वाक्यरचना कोणत्या हवेत वाढली, तिच्या गाभ्यात कोणती ओल साचली आहे, हे पाहण्याची गरज आपल्याला उरत नाही. नावे टाकून द्यावीत असे मी म्हणत नाही; नावांविना शिकवता येत नाही. परंतु नाव हे वाचनाचे निमित्त असावे, वाचनाला पर्याय नसावे. आपल्या म्हणीतसुद्धा भांग जन्मतः दुष्ट आणि तुळस जन्मतः साध्वी. दोघी एकाच मातीत, एकाच वाऱ्यात वाढतात, हे म्हण सांगत नाही.

पुढच्या तासाला मी त्या विद्यार्थ्याला माझे उत्तर चुकल्याचे सांगितले. त्याने विचारले, “मग सर, खरी इंडिका कोणती?” मी म्हटले, “ते झाड कुठल्या वाऱ्यात उभे आहे ते आधी सांग, मग बोलू.”